गच्चीवरचं कुलूप

"ताई, जरा वर येता का? घाई नाही. पण या."

गच्चीवरून वहिनीची हाक आली तेव्हा आत्या खाली दुकानात वर्गाची तयारी करत होती. चष्म्याचं दुकान साथीमुळे बंद होतं. फ्रेमच्या मांडण्यांसमोर तिने आपला संगणक ठेवला होता. तिच्या चौथीच्या वर्गातली पोरं रोज पडद्यावर येऊन विचारायची, बाई, तुम्ही मास्तरीण आहात की चष्मेवाल्या? सुट्टीत चार दिवस माहेरी म्हणून आलेली आत्या रस्ते बंद झाले तशी इथेच अडकली होती. आता या घरात तिचा शब्द चालायलाही लागला होता.

हाक ऐकून ती दचकली. वहिनी या वेळेला घरात नसायची. तिचे बूट एव्हाना मागच्या गोल लोखंडी जिन्यावर वाजून गेलेले असायचे. सारी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि आता घरातलेही तेच म्हणत. लहान मुलांच्या वॉर्डातून तिला साथीच्या वॉर्डात हलवलं, त्या दिवसापासून ती गच्चीवरच्या खोलीत एकटी राहत होती. ये-जा मागच्या जिन्याने, जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर, आणि नवऱ्याशी, मुलीशी बोलणं खिडकीच्या काचेतून.

आत्या धापा टाकत वर पोचली आणि खोलीच्या दाराकडे बघतच राहिली. बाहेरची कडी घातलेली होती आणि कडीला दुकानाच्या शटरचं भलंमोठं कुलूप होतं. शटर हल्ली आतूनच बंद असे, म्हणून ते कुलूप खाली खुंटीवर टांगलेलं असायचं.

"हे कुणी केलं?"

काचेपलीकडे सिस्टर कामाच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी अडकवून उभी होती. तिने नुसतं पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकी आणि कठड्याची भिंत यांच्यामधल्या सांदीतून एक पाय बाहेर आलेला दिसत होता. पायात मोजा होता, तोही उलटा घातलेला.

"ठिणगे," आत्या म्हणाली, "किल्ली कुठे आहे?"

पाय आत गेला.

सिस्टरच्या मुलीचं ठिणगी हे नाव तिच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा तिने असा आवाज लावला होता की नाना म्हणाले, ही पोर नाही, ठिणगी आहे. खरं नाव शाळेच्या हजेरीत उरलं. पण गेले कित्येक आठवडे ठिणगीचा कोळसा झाला होता. ती बोलायची कमी आणि हात धुवायची फार. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटून लाल झाली तरी नळ सोडायची नाही. वर्ग सुरू झाला की कॅमेरा छताच्या पंख्याकडे फिरवून ठेवायची. परवा आत्याने मनगट धरून तिला नळापासून ओढलं, तर कडकडून चावली होती. एवढं सगळं करूनही डोळ्यांत पाणी म्हणून नाही. आपटली तरी नाही, बोलणी खाल्ली तरी नाही.

आत्याने सांदीत हात घालून पाहिला. हात खांद्यापर्यंत गेला आणि खांदा अडला. त्या सांदीत माणूस मावत नव्हतं, मूल मावत होतं. पोरीने जागा विचार करून निवडली होती.

खरं सांगायचं तर आत्याला त्या क्षणी राग आला नव्हता. तिला आतून थोडं बरंच वाटलं होतं. सिस्टरने काम सोडावं, निदान साथ सरेपर्यंत बिनपगारी सुट्टी घ्यावी, असं ती भावाला पहिल्या आठवड्यापासून सांगत होती, आणि तो ऐकून घेऊन मुकाट्याने भांडी घासायला निघून जायचा. पालथ्या घड्यावर पाणी. आज पोरीने एका कुलपात ते करून दाखवलं होतं.

*

थोड्याच वेळात सगळं घर गच्चीवर जमलं. सगळं घर म्हणजे तिघं आणि एक फोन.

थोरला, म्हणजे ठिणगीचा बाप, ओल्या हातांनीच आला. त्याच्यामागून नाना एकेक पायरी मोजल्यासारखे चढत आले आणि जिन्याच्या तोंडाशी वेताच्या मोड्यावर बसले. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये धाकटा होता. दुसऱ्या शहरातला हा धाकटा मुलगा रोज सकाळी वडिलांची चौकशी करायला फोन करायचा आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक सल्ला देऊन मगच ठेवायचा.

"दादा, तोड ना सरळ कुलूप," फोनमधून आवाज आला. "आठ वर्षांची पोर अख्ख्या घराला वेठीला धरते म्हणजे काय?"

"ते तुटायचं नाही," नाना म्हणाले. "मी आणलंय ते."

"मग पोरीला बाहेर काढा."

"तू ये आणि काढ," आत्या म्हणाली. "त्या सांदीत माझा खांदा मावत नाही. आणि मी म्हणते, एवढी घाई कशाला? एक दिवस वहिनी गेली नाही तर हॉस्पिटल बंद पडणार आहे का? एका दृष्टीने पोरगी बरोबरच बोलतेय."

"ती काही बोललेलीच नाही, ताई," थोरला म्हणाला.

"न बोलता बोलतेय. तुला ऐकू येत नसेल तर सांगते. तिला आई घरात हवी आहे. वॉर्डात बाकीच्या नर्सा आहेत. हिला दुसरी आई आहे का?"

यावर धाकट्याने बाजू बदलली. एरवी ताईचं आणि त्याचं फारसं पटायचं नाही, पण वहिनीच्या विषयात पटायचं. तो म्हणाला, "ताईचं खरं आहे. मी वाचलंय, मुलांच्या मनावर या सगळ्याचा फार परिणाम होतो. मी तुम्हाला पाठवलं होतं ते, कुणी वाचलं का?"

"मी वाचलं," नाना म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "त्यात लिहिलंय, मुलांसमोर भांडू नका."



नानांनी असं गप्प करून सुनेची बाजू घ्यावी हे आत्याला नवीन होतं. याच नानांनी लग्नाच्या वेळी 'नर्स नको' म्हणून जेवण सोडलं होतं. रात्रपाळीची बायको घरात टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सिस्टर टिकली. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालायला घड्याळ लावून उठणारी तीच होती, आणि तेव्हापासून नाना तिच्याबद्दल वाईट सोडा, चांगलंही बोलत नसत. तिचा विषय निघाला की नुसते सावरून बसत.

थोरला मात्र दाराकडे बघत होता. आयुष्यभर चष्म्याच्या दांड्यांचे नजरेला न दिसणारे स्क्रू पिळणारा माणूस तो. कुलूप कितीही दणकट असो, कोयंडा लाकडाला साध्या स्क्रूंनी बसवलेला आहे, हे त्याला आल्याआल्याच दिसलं होतं. तो खाली गेला आणि पेचकस घेऊन आला.

"हे बघ, कसं सोपं झालं," धाकटा म्हणाला.

"थांब," काचेआडून सिस्टर म्हणाली.

*

सिस्टरने नवऱ्याला थांबवलं खरं, पण का, ते तिचं तिलाही अजून नीट उमगलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की दार असं उघडलं तर आपण कामावर वेळेत पोचू, आणि टाकीमागची पोर आणखी आत सरकेल. आज सांदीत आहे, उद्या कुठे जाईल कोण जाणे.

तिने आधी मेट्रनबाईंना फोन लावला. खोटं सांगता आलं असतं. पोट दुखतंय, रस्ता अडवलाय. पण ती म्हणाली, "बाई, मला उशीर होईल. मुलीने मला खोलीत कोंडलंय. बाहेरून कुलूप लावून किल्ली घेऊन बसली आहे."

 मेट्रनबाईंची कीर्ती अशी की त्यांच्या चालण्याच्या आवाजाने पेशंटसुद्धा सरळ झोपत.

"माझ्या नातवाने माझे बूट लपवले होते," त्या म्हणाल्या. "फ्रिजमध्ये सापडले. दिवसभर पाय गार." मग आवाज खाली आला. "रात्रपाळीच्या मुलीला मी थांबवते. ती थांबेल, पण उभ्या उभ्या झोपायला लागली आहे. ते लक्षात ठेव. बाकी तुझं तू बघ."

सिस्टरने पिशवी खांद्यावरून उतरवली. खिडकी टाकीच्या बाजूलाच होती. तिने खुर्ची ओढून खिडकीशी घेतली, मास्क लावला आणि तावदान बोटभर उघडलं. बाकीच्यांना तिने हातानेच मागे सरायला सांगितलं. थोरला सरला. आत्या थोडीशी सरली.

"ठिणगी, मी बसलेय गं इथे. बाबाकडे पेचकस आहे. तो दार काढू शकतो. मीच नको म्हटलंय."

टाकीमागे काहीतरी खुडबुडलं.

"कुलूप तू लावलंस ना, मग तूच काढायचं."

"नाही काढणार."

कितीतरी दिवसांत मुलीचा एवढा स्पष्ट आवाज सिस्टरने ऐकला नव्हता. तिने श्वास सोडला. "बरं. नको काढूस. मग मला एवढं सांग, लावलंस का?"



आत्याला राहवलं नाही. "अगं, एवढं काय ते? तिला सांग ना की तुला काही होणार नाही. ऐक गं ठिणगे, आईला काहीसुद्धा होणार नाही. आई संध्याकाळी परत येणार. झालं? दे बरं किल्ली."

"तू खोटं बोलतेस," टाकीमागून आवाज आला.

"मी? कधी बोलले?"

"तू म्हणालीस बेकरीवाले काका गावाला गेलेत. मग त्यांच्या चपला अजून पायरीवर कशा?"

गच्चीवरून समोरची बेकरी दिसायची. शटर खाली ओढलेलं. पायरीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ठेवलेल्या, टाचा झिजलेल्या चपला. बेकरीवाल्याला नेलं तेव्हा तो अनवाणीच गेला होता, आणि त्या चपलांना हात लावायचं धाडस नंतर कुणाला झालं नव्हतं. आत्याने त्या शंभरदा पाहिल्या असतील. त्या आणखी कुणी पाहत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आणि काल," आवाज आता थांबत नव्हता, "काल तू फोनवर म्हणालीस, वहिनीचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. मी जिन्यात होते. मी ऐकलं."

 नाना पायांकडे बघू लागले. आत्या काल बोलत होती ती फोनमधल्या धाकट्याशीच.

*

आत्या नऊ वर्षांची असताना तिची आई वारली होती. आई मावशीकडे गेलीय, येईल दोन दिवसांनी, असं तिला सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं ते तिला आता आठवतही नव्हतं, सांगणारी माणसं पुष्कळ होती आणि सगळी मायेची होती. आठवत होतं ते एवढंच, की ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची, आणि कुणी तिला खरं सांगत नाही म्हणून तिनेही कुणाला काही विचारणं सोडून दिलं होतं. धाकटा पाळण्यात होता, थोरला नुकता चालत होता. त्या दोघांना तिनेच पुढे तेच सांगितलं. येईल दोन दिवसांनी.

आणि आज तिच्याच तोंडून तेच वाक्य, जवळपास त्याच सुरात, बाहेर पडलं होतं. आई संध्याकाळी परत येणार. झालं?

तिने भावाकडे पाहिलं. थोरला पेचकस दोन्ही हातांत धरून उभा होता आणि त्याच्या मनगटापर्यंत साबणाचा फेस वाळला होता. एवढ्या सकाळी हा काय धूत होता, असं तिच्या मनात आलं. मग गच्चीच्या दोरीवर तिची नजर गेली. दोरीवर चादर होती. कालही होती, परवाही होती. रोज चादर. आत्या उठायच्या आत धुतलेली, पिळलेली, झटकून वाळत घातलेली. पोरीचं अंथरूण रोज ओलं होत होतं आणि या माणसाने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. बायकोची काळजी वाढायला नको, बहिणीची बोलणी पोरीला बसायला नकोत, म्हणून तो रोज अंधार असतानाच उठत होता.

"किती दिवस रे?" तिने हळूच विचारलं.

"बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "ताई, तिला विचारू नकोस. तिचं तिलाही माहीत नाही. ती झोपेत असतानाच मी चादर बदलतो आणि ती सकाळी कोरड्यात उठते."

 आत्याला हा भाऊ नेहमी जरा मऊ वाटत आलेला. बापाच्या धाकात वाढलेला, बायकोच्या शब्दात राहिलेला. मऊ माणूस इतका चिवट असू शकतो, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

*

"आई," टाकीमागून आवाज आला, "तू मरशील का?"

ती पुढे झुकली असावी, कारण सांदीतून आता गुडघे आणि एक मूठ दिसत होती. मुठीतून किल्लीचं टोक बाहेर आलं होतं.

फोनमधून धाकट्याचा घाबरा आवाज आला, "वहिनी, नाही म्हणा," आणि नानांनी तो फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

 हा प्रश्न सिस्टरला वॉर्डात रोज कुणीतरी विचारत होतं, डोळ्यांनी तरी. तिथे तिला उत्तरं येत होती. इथे येत नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मरू नये म्हणून जेवढं करता येतं तेवढं सगळं मी करते. रोज करते. कंटाळा आला तरी करते. पण तुला वचन देता येईल असं ते नाही."

"तुला भीती वाटते?"

"वाटते. सकाळी बूट घालताना जास्त वाटते. वॉर्डात शिरले की कमी होते, कारण तिथे कामच एवढं असतं."

"मग कशाला जातेस?"

"तिथल्या लोकांनाही भीती वाटते. त्यांच्या घरचं कुणी आत येऊ शकत नाही ना. एक आजी आहेत, त्यांना श्वास घ्यायला त्रास होतो आणि त्यांचे केस तोंडावर येतात. त्यांना फार राग येतो केसांचा. मी त्यांची वेणी घालते."

सांदीतली मूठ घट्ट झाली.

"माझी कुणी घालत नाही," ठिणगी म्हणाली. "आत्या घालते ती दुखते. बाबा घालतो ती सुटते."

 थोरल्याने मान खाली घातली. सिस्टरच्या डोळ्यांसमोर ती रोजची वेणी आली. तीही कुरकुर करायची, हलू नकोस म्हणायची, उशीर होतोय म्हणून कधी एकीवरच भागवायची. त्या वेणीची कुणी अशी आठवण काढेल असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. त्या आजींची गोष्ट तिने मुलीला समजावण्यासाठी सांगितली होती, आणि मुलीने एका वाक्यात तिच्यापुढे खरा हिशेब मांडला होता. दुसऱ्यांची वेणी घालायला तू जातेस, माझी राहते.

"खरं आहे," सिस्टर म्हणाली. आवाज नीट लागला नाही म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं. "खरं आहे तुझं. ही गोष्ट वाईटच आहे. त्याला मी चांगलं म्हणणार नाही. माझ्यावर रागावली आहेस?"

"हो."

"खूप?"

"तुला चावेन."

"चाव. सगळं संपलं की पहिल्यांदा तू ये आणि चाव. मी हात पुढे करेन."

टाकीमागून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की नाकाचा, हे कळायला मार्ग नव्हता.

मग ठिणगी बाहेर आली. एकदम नाही. आधी पाय, मग कोळिष्टकांनी भरलेलं डोकं, मग बाकीची. ती कुणाकडे न बघता सरळ दाराशी जाऊन उभी राहिली आणि कुलपाकडे तोंड करून म्हणाली, "मला रोज खरं सांगायचं. कोण मेलं आणि कोण घरी गेलं, दोन्ही. गावाला गेले म्हणायचं नाही."

हे आईला उद्देशून होतं, पण उत्तर दुसरीकडून आलं.

"नाही म्हणणार," आत्या म्हणाली. "बेकरीवाले काका वारले, ठिणगी. हॉस्पिटलमध्येच वारले. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

ठिणगीने वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं तुम्हाला माहीत नाही."

तिने किल्ली कुलपात घातली. कुलूप जड होतं. किल्ली एका हाताने फिरेना, मग दोन्ही हातांनी. फाटलेल्या पेरांना धातू लागत असणार, पण तिने कुणाकडे मदत मागितली नाही. थोरला नकळत एक पाऊल पुढे गेला आणि नानांनी मोड्यावरून हात आडवा धरला. कुलूप उघडलं. तिने कडी काढली, कुलूप छातीशी धरलं आणि आपणहून मागे मागे जात पार कठड्याला टेकून उभी राहिली. एवढं अंतर ठेवायचं असतं, हे तिला कुणी त्या क्षणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर दारात आली. पिशवी खांद्याला. मायलेकींच्या मध्ये गच्चीची अख्खी रुंदी होती.

"जाते," आई म्हणाली.

"येते म्हण," मुलगी म्हणाली.

"येते."

लोखंडी जिन्यावर बूट वाजू लागले. नाना मोड्यावरून उठून उभे राहिले. सून कामावर जाताना ते असे उभे राहिलेले कुणी पूर्वी पाहिले नव्हते. सून खालच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते.

*

बूट वाजायचे थांबले, आणि ठिणगी रडायला लागली.

आधी नुसता श्वास अडकल्यासारखा झाला. मग कुलूप तिच्या हातातून खाली पडलं आणि जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. साठलेलं सगळं एकदम आलं. बेकरीवाला, पंख्याकडे फिरवलेला कॅमेरा, सुटणाऱ्या वेण्या, जिन्यात ऐकलेलं वाक्य. ती गच्चीच्या फरशीवर बसली आणि तोंड वर करून, नाक पुसायचं भानही न ठेवता रडत राहिली.

आत्याचा हात सवयीने पुढे झाला. गप्प, गप्प, शहाणी ना तू, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. वर्गात तिने ते हजारदा वापरले होते. थोरला तिच्या आधी पोचला होता. तो लेकीच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. तिला गप्प कर असं काही तो म्हणाला नाही. त्याने नुसती तिच्या केसांतली कोळिष्टकं एकेक करून वेचायला सुरुवात केली, दुकानात बारीक स्क्रू वेचायचा तसा, चिमटीने. आत्या जरा थांबली. मग तीही गुडघे धरत, कुरकुरत खाली बसली, दुसऱ्या बाजूला.

नाना उठताना मोड्यावर राहिलेल्या फोनमधून आवाज येत होता. "काय झालं? कोण रडतंय? अरे, कुणीतरी सांगा. वहिनी गेली का? ताई, तू तिला जाऊ कशी दिलीस?"

आत्याने फोन उचलला. कालपर्यंत याच फोनवर बसून ती आणि धाकटा वहिनीने काय करायला हवं हे ठरवत होते.

"वहिनी कामावर गेली," ती म्हणाली. "तिच्या मुलीने दार उघडून दिलं. आणि ऐक, यापुढे तिच्याबद्दल काही बोलायचं असेल तर तिच्याशी बोल, माझ्याशी नको. आता ठेवते. पोरगी रडतेय, मला इथे बसायचंय."

सगळं त्या सकाळीच सुधारलं, असं नाही. चादर दोरीवर पुढेही कितीतरी दिवस दिसत राहिली, फक्त आता ती धुवायला कधीकधी आत्या थोरल्याच्या आधी उठायची. हातांच्या भेगा भरायला तर फार वेळ लागला. नानांनी त्यांना लावायला स्वतःचं मलम दिलं, आणि रोज लावतेस की नाही हे बघायला चष्मा पुसून बसू लागले. एक दिवस ठिणगीने कॅमेरा पंख्यावरून खाली आणला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर केला. असं मागेपुढे होतच राहिलं. पण संध्याकाळी काचेच्या दोन बाजूंना मायलेकी बसायच्या आणि आई दिवसभराचं खरं सांगायची, दोन्ही बाजूंचं, आणि मुलगी ऐकायची. ते कधी चुकलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी सिस्टर गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. तिथे तिला मागून तो आवाज ऐकू आला. एवढ्या लांबूनही तिने तो ओळखला. ती जागच्या जागी थांबली आणि तिचं अंग वळलंसुद्धा. समोरून सायकल हातात धरून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडचं कुणी रडतंय का?"

लहान मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेली ती बाई. तिथे नव्या नर्सला ती पहिल्याच दिवशी शिकवायची, की रडणाऱ्या मुलाकडे धावू नका, आधी गप्प पडलेल्याकडे जा. जे रडतंय त्याच्यात ताकद आहे.

"हो," सिस्टर म्हणाली. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "माझी मुलगी रडतेय."

आणि ती भराभर चालू लागली, कारण वॉर्डात कुणीतरी उभ्या उभ्या झोपेला आलेलं तिची वाट बघत होतं.